अस्थींचा पंचनामा

आदिलाबाद जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना बासरच्या ज्ञानसरस्वतीचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. गोदावरीच्या काठी वसलेल्या त्या देवीसमोर नातवंडाचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, या हौसेने महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबे तेथे जात आली आहेत. त्याच गोदावरीच्या प्रवाहाने पूर्वेस खाली गेले असता प्राणहिता तिला येऊन मिळते. त्या संगमावर कालेश्वराचे क्षेत्र असून एकाच शाळुंकेत कालेश्वर व मुक्तेश्वर अशी दोन लिंगे तेथे पूजिली जातात. पैलतीरी आपला सिरोंचा तालुका. या दोन तीर्थांच्या दरम्यान नदीच्या उत्तरेस जो मुलूख पसरला आहे, त्यातील सागवान प्रसिद्ध आहे, कोळसाही प्रसिद्ध आहे. पण तेथील तांबड्या मातीने जगाला जे दिले त्याची वार्ता आपल्या वाचकांपर्यंत फारशी पोचलेली दिसत नाही.

प्रथम भूगोलाचा घोळ निस्तरला पाहिजे. निजामाच्या राज्यातील या जिल्ह्याचे राजुरा व किनवट हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखाला जोडले गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात गेला. २०१६ साली त्याचेही चार जिल्हे झाले आणि आता बासरसुद्धा निर्मल जिल्ह्यात मोडते. पुढील विवेचनात आदिलाबाद म्हणजे २०१६ पूर्वीचा अखंड जिल्हा समजावा. जमिनीखालचे थर तहशिलीच्या सीमा पाळीत नाहीत. त्यामुळे मधूनमधून प्राणहिता ओलांडून सिरोंच्यातही जावे लागेल.

हा इतिहास एका संग्रहालयाचा आहे. ते संग्रहालय आदिलाबादेत नाही. कलकत्त्यास बारानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. त्यातील प्राण्यांची नावे, ती देणाऱ्या पंडितांची नावे, निबंधांची वर्षे ही सर्व कोठेही वाचावयास मिळतात. परंतु जमिनीतले हाड सांगाड्यात उभे राहीपर्यंत ते ज्या हातांतून जाते, ते हात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे व क्षेत्रावरील संग्राहकाचे असतात. विद्यापीठे, महाविद्यालये व संस्था यांची विज्ञानसंग्रहालये अशा हातांवरच उभी आहेत, आणि त्यांचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. न्यायालयात पुराव्याची किंमत ज्याने जवळून पाहिली आहे अशा माणसाला ही गोष्ट विशेष खटकते. ती का, ते पुढे येईलच.

पूर्व आदिलाबादेत जमीन प्राचीन काळी एका लांबट खोऱ्यात खचत गेली आणि नद्यांनी कोट्यवधी वर्षे आपला गाळ तेथे आणून टाकला. अगदी खालच्या थरांत कोळसा, ज्यावर बेल्लमपल्ली व मंदामरी येथील खाणी चालत आल्या. त्यावर तांबडी चिकणमाती, वालुकाश्म आणि चुनखडक यांचे थर. भूगर्भ सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील आपला ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध केला. तत्पूर्वी, १८७२ साली, हेन्री मेडलिकॉट यांनी या जातीच्या थरांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हे नाव योजिले होते, आणि पुढे एड्वर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने तेच नाव दक्षिण गोलार्धातील लुप्त महाखंडाला दिले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका या सर्वांची एकत्र ओळख गोंडांच्या नावाने होते, याची जाणीव खुद्द गोंडांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यांपैकी किती जणांना आहे, कोण जाणे.

या थरांतील हाडांकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले ते नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी. हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसाराच्या त्यांच्या कार्याबद्दल आपल्या समाजाचे मत जे असावयाचे ते असो. दगड पारखणारी त्यांची दृष्टी असामान्य होती, हे मान्य केलेच पाहिजे. चांद्याच्या उत्तरेस मांगली येथे मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन केले. पुढे आदिलाबादेतील मलेरी गावानजीकच्या तांबड्या मातीतले दात व हाडांचे तुकडेही हिस्लॉप यांच्या पाहण्यात आले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरास १८८३ पासून आहे. दोन वर्षांनी, १८८५ साली, रिचर्ड लायडेकर यांनी मलेरीच्या तुकड्यांवरून सुसरीसारख्या एका प्राण्याला ‘पॅरासुकस हिस्लोपी’ असे नाव दिले. या नावाचा पुढे खटला झाला. तो आपण यथावकाश पाहू.

यानंतर सुमारे सत्तर वर्षे या मुलखात थोडेबहुत काम झाले, पण संग्रहालय उभे राहील असे काही घडले नाही. १९५७ च्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पामेला रॉबिन्सन या विदुषीस आपल्या सांख्यिकी संस्थेत पाचारण केले आणि तेथे भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. आकडेमोड करणाऱ्या संस्थेला हाडांशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. महालनोबीस यांचे म्हणणे असे की, संख्याशास्त्र हे एकट्याने उभे राहणारे शास्त्र नव्हे. जेथे मोजमाप आहे तेथे त्याचे घर आहे. आपल्या गोव्याच्या दामोदर कोसंबी यांनी प्राचीन नाणी तोलून, त्यांच्या झिजेवरून ती किती काळ लोकांच्या हातांत फिरली याचे गणित मांडले, ते याच दृष्टीने. पदार्थ आधी हातात घ्यावा, मोजावा, त्याची नोंद करावी आणि मग बोलावे.

रॉबिन्सनबाईंबरोबर सोहनलाल जैन, तपन रॉयचौधरी, टी. एस. कुट्टी, शंकर चॅटर्जी ही मंडळी हळूहळू तयार झाली. त्यांनी आदिलाबादेतील थर गावागावांच्या नावाने ओळखण्याजोगे केले: सर्वांत खाली येर्रापल्ली, त्यावर भीमाराम, मग मलेरी, धर्माराम आणि सर्वांत वर कोटा. मलेरीची माती सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीची, कोट्याचा चुनखडक त्याहून चार-पाच कोटी वर्षांनी अलीकडचा. कोटा हे गाव मात्र प्राणहितेच्या आपल्या काठावरचे आहे.

आता तंत्रज्ञाच्या कामाकडे वळू, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे.

पावसाळ्यात तांबडी चिकणमाती धुपते आणि उतारावर हाडाची कपरी पडलेली दिसते. अनभ्यस्ताला तो दगडच वाटेल. जाणत्या संग्राहकाचा डोळा तिचा पोत ओळखतो, आणि ती जेथे पडली तेथे न थांबता चढ धरून वर जातो, कारण पाणी वरून खाली वाहते आणि उरलेला प्राणी वर कोठेतरी मातीत असतो. हाड सापडले की ते उपटून काढावयाचे नसते. भोवतालची माती कुंचल्याने व दाभणाने दूर करावयाची, ठिसूळ झालेले हाड चिकट द्रवाने घट्ट करावयाचे, त्यावर ओला पातळ कागद बसवावयाचा आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडविलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळावयाच्या. ते वाळले म्हणजे खालून पोखरून सगळा गठ्ठा एका दमात उलटा करावयाचा. मोडलेले हाड बसविणारा वैद्य जसा हात बांधतो तसेच हे. फरक इतकाच की रोगी कोट्यवधी वर्षांचा आहे आणि एकदा तुटला तर पुन्हा सांधत नाही. गठ्ठ्यावर क्रमांक पडतो, वहीत जागा, थर, दिशा व दिनांक यांची नोंद होते, कोणते हाड कोणत्या हाडाच्या कोणत्या बाजूस होते याचा नकाशा काढला जातो.

फौजदारी कामात आम्ही यालाच पंचनामा म्हणतो. जागेवर जे सापडले ते सापडल्या स्थितीत लिहावयाचे, वस्तू सीलबंद करावयाची, सही घ्यावयाची, आणि मग ती मुद्देमाल म्हणून पुढे पाठवावयाची. मधल्या प्रवासात कोणाच्या ताब्यात होती हे सांगता आले नाही, तर तलवार असो की सोन्याची माळ, न्यायाधीश तिच्याकडे बघतही नाहीत. जीवाश्माचेही तसेच आहे. कोणत्या थरातून, कोणत्या हाडाशेजारून निघाले हे ज्याच्याविषयी ठाऊक नाही ते हाड दिवाणखान्याची शोभा वाढवील. शास्त्राच्या दरबारात त्याची साक्ष घेतली जात नाही. एक भेद मात्र आहे. पंचनाम्यावर पंचांची नावे असतात. शास्त्रीय निबंधात प्लास्टर बांधणाऱ्याचे नाव येईलच असा नियम नाही.

प्रयोगशाळेतील काम याहून मंद आहे. प्लास्टर कापून उघडले की छिन्नी, सुई आणि संयम. हाड व दगड यांचा रंग पुष्कळदा एकच असतो; दोहोंमधील सीमा नजरेपेक्षा बोटांना अधिक कळते. कोट्याच्या चुनखडकातील मासे असतील तर सौम्य आम्लाचा उपयोग होतो. खडक विरघळतो, हाड राहते; पण एक प्रहर अधिक राहिले तर हाडही जाते, म्हणून वारंवार काढून, धुऊन, उघडे पडलेले भाग झाकून पुन्हा बुडवावे लागते. कोट्याच्याच थरांतील चिमुकल्या सस्तन प्राण्यांसाठी पोतीच्या पोती माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीने चाळतात आणि उरलेला गाळ भिंगाखाली कण-कण पाहतात. त्यातून बाजरीच्या दाण्याएवढा दात मिळाला तर मिळाला. अशाच एका दातावरून १९८१ साली ‘कोटाथेरियम हाल्डेनी’ हे नाव पडले. सांख्यिकी संस्थेत काही वर्षे असलेले जे. बी. एस. हाल्डेन, त्यांच्या स्मरणार्थ.

अशा माणसाच्या नोकरीचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते. थंडीत क्षेत्रावर राहुटी, ऊन तापले की परत प्रयोगशाळा. एका मोठ्या प्राण्याच्या हाडांवर वर्षेच्या वर्षे जातात. विद्वान येतात, प्रबंध लिहितात, पदव्या घेतात, कित्येक परदेशी जातात. शंकर चॅटर्जी १९७९ साली अमेरिकेत टेक्ससला गेले आणि तेथे मोठे नाव मिळविले. तंत्रज्ञ त्याच मेजापाशी बसतो, पुढच्या विद्यार्थ्याला मागच्याने काय कोठे ठेवले ते सांगतो. संस्थेची स्मरणशक्ती नोंदवहीत असते असे म्हणतात. नोंदवही वाचावी कशी, हे ठाऊक असलेला माणूस निवृत्त झाला म्हणजे तिचीही वाचा पुष्कळशी बसते.

या कारागिरीने काय साधले त्याचे एक उदाहरण देतो. मलेरीच्या मातीत पॅरासुकसचे दोन जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले. ते साफ करीत असता पोटाच्या जागी दुसऱ्याच लहान प्राण्यांची नाजूक हाडे आढळली. म्हणजे मरण्यापूर्वीचे भक्ष्य. मोठ्या हाडाच्या घाईने छिन्नी मारणाऱ्या माणसाने ती बारीक हाडे कचऱ्यात टाकली असती आणि कोणाला कळलेही नसते. ती राहिली, आणि त्यांवरून चॅटर्जींनी १९८० साली ‘मलेरीसॉरस रॉबिन्सनी’ हा नवा प्राणी ओळखला. उलट प्रकारही घडतात. याच मलेरीतील ‘अल्वॉकेरिया’ नावाच्या छोट्या डायनोसॉरच्या हाडांत निरनिराळ्या प्राण्यांची भेसळ असावी, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. त्याचे मूळ नाव ‘वॉकेरिया’. पण ते नाव आधीच समुद्रातील एका क्षुद्र जीवाला दिलेले निघाले, म्हणून १९९४ साली बदलावे लागले. प्राण्यांच्या नावांत पहिला हक्क पहिल्याचा, हा दंडक मिळकतीच्या दाव्यांहूनही कडक आहे.

आता तो खटला. लायडेकर यांनी १८८५ मध्ये ज्या तुकड्यांवर ‘पॅरासुकस हिस्लोपी’ हे नाव उभारले, त्यांत दोन निराळ्या प्राण्यांची हाडे मिसळलेली होती. पुढे त्यांपैकी मुस्कटाचा एक तुकडा नावाचा आधार म्हणून निवडला गेला. पण तो इतका सामान्य की त्यावरून हा प्राणी आपल्या भाऊबंदांपासून वेगळा ओळखता येईना. १९९१ साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी हे नाव संशयास्पद ठरविले. शास्त्रात ही जवळजवळ फाशीचीच शिक्षा. चॅटर्जींनी प्राणिनामविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाकडे २००१ साली अर्ज केला, की जुना तुकडा रद्द धरून त्याच मलेरी थरातील संपूर्ण सांगाडा या नावाचा आधार मानावा. २००३ साली आयोगाने तो मान्य केला. तो सांगाडा म्हणजे बारानगरच्या नोंदवहीतील आर ४२.

आमच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ दस्तऐवज अपुरा ठरला, पण त्याच जागेचा, त्याच थराचा, रीतसर नोंदलेला दुसरा दस्तऐवज हजर करता आला म्हणून हक्क टिकला. हिस्लॉपचे नाव ज्या कोणी प्लास्टर बांधून व सुई चालवून वाचविले, त्याने ते १८८५ च्या पंडितापेक्षा अधिक पक्के वाचविले.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक विषयांतर करतो. शेतकऱ्याच्या बांधावर असे हाड निघाले तर ते कोणाचे? १८७८ च्या निखातनिधी कायद्यात जमिनीत दडविलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी. परंतु दडविणारा कोण? तो प्राणी गाळात रुतून मेला. त्याने काही पुरून ठेविले नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा पाहावा, तर गतकालातील शास्त्र, कला, धर्म, चालीरीती, नीती वा राजकारण यांवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तूंची तो गणना करतो. मलेरीच्या युगात सुसरींना दात होते, नीती असल्याचा पुरावा नाही. भूवारशाच्या रक्षणासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली लोकांपुढे मांडला, त्याचे कारण ही पोकळीच. तोवर या हाडांचे खरे रक्षण कोणी केले असेल तर ते कलमांनी नव्हे, गोणपाटाच्या पट्ट्यांनी.

असो. संग्रहालयातील सर्वांत भव्य वस्तू सिरोंच्याची आहे. पोचमपल्ली गावाजवळ कोटा थरात, २७६ चौरस मीटर जागेत, अश्मीभूत वृक्षांच्या ओंडक्यांसह सुमारे ३०० हाडे मिळाली. निदान सहा प्राण्यांची. मांडीचे हाड उभ्या माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढे. डोके मिळाले नाही, सुटे दात तेवढे मिळाले. खोदाईचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीत आला, म्हणून १९७५ साली नाव ठेवले ‘बारापासॉरस टागोरी’. बंगालीत मोठ्या पायाचा, तो बारापा. १९७० च्या दशकात त्याचा सांगाडा बारानगरला उभा राहिला. एवढे वजन उभे करणे हे लोहारकाम, सुतारकाम आणि शरीरशास्त्र यांचे एकत्र काम आहे. लोखंडी कणा आतून कसा न्यावा, मणक्याला भोक न पाडता तो कसा पेलावा, गहाळ हाड प्लास्टरचे करून त्याचा रंग असा ठेवावा की लांबून उठून दिसू नये पण जवळून पाहणाऱ्याला फसवूही नये. हा शेवटचा प्रामाणिकपणा बरेच शिकवून जातो.

हा प्राणी कलकत्त्यास का गेला, असा प्रश्न चांदा-सिरोंच्याकडील मंडळी विचारतात. तो गैर नाही. आता सिरोंचाजवळ वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. आदिलाबादच्या वाट्याला या बाबतीत थोडे बरे आले. यमनपल्ली गावाजवळ भूगर्भ सर्वेक्षणाच्या पथकाला १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ८४० हाडे मिळाली, किमान बारा प्राण्यांची. पी. यादगिरी यांनी १९८८ साली त्यांना ‘कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस’ हे नाव दिले, आणि त्याचा सांगाडा हैदराबादेत बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. शाळेच्या सहली त्याच्या पायांशी उभ्या राहून छायाचित्रे काढतात.

यमनपल्लीएन्सिस म्हणजे यमनपल्लीकर. हे वाचून आपल्या वाचकांना हसू येईल, पण मौज खरी आहे. आपण गावावरून आडनाव लावतो, गाव सुटले तरी ते टाकीत नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. मूर्ती हलली, मूळ गावाचे नाव देवाबरोबर गेले, आणि त्या रात्री नदी ओलांडताना पालखीला ज्यांनी खांदा दिला त्यांची नावे कोणाच्या वंशावळीत नाहीत. आदिलाबादचे प्राणीही असेच घराबाहेर पडले आणि गाव बरोबर घेऊन गेले. रेचनीसॉरस रेचनीचा, जाकलापल्लीसॉरस जाकलापल्लीचा, नंबालिया नंबालचा, आणि भारतागामा नावाचा सरडा रेब्बनचा. जी गावे जिल्ह्याच्या नकाशावर शोधावी लागतात, त्यांची नावे ब्युनॉस आयर्सपासून लंडनपर्यंतचे अभ्यासक रोज उच्चारतात. एका प्राण्याचे नाव तर ‘एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी’, संख्याशास्त्राचा! गावे झाली, रॉबिन्सन, रॉयचौधरी, कुट्टी, हाल्डेन, रवींद्रनाथ, सर्वांना मान मिळाला. नव्हता तो प्लास्टर बांधणाऱ्याला.

तो २००७ साली मिळाला. कुट्टी, चॅटर्जी, पीटर गॅल्टन आणि पॉल अपचर्च या चौघांनी अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी’ या नियतकालिकात धर्मारामच्या वरच्या थरातील दोन शाकाहारी डायनोसॉरांचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिला मोठा, सुमारे दहा मीटर लांबीचा. त्याला त्यांनी पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन यांच्या मधल्या नावावरून ‘लॅम्प्लुसॉरा धर्मारामेन्सिस’ म्हटले. दुसरा बांध्याने सडपातळ. त्याच्या कवटीचे काही भाग, मानेचे मणके आणि हाताची काही हाडे तेवढी मिळालेली. त्याचे नाव ‘प्रधानिया ग्रासिलिस’. हे प्रधान कोणी राजमंत्री नव्हेत, प्राध्यापकही नव्हेत. धुइया प्रधान हे सांख्यिकी संस्थेचे जीवाश्मसंग्राहक, आणि निष्ठेने केलेल्या त्या कामासाठीच हा मान.

नामकरणाच्या नियमांत संचालक व संग्राहक असा भेद नाही. रीतसर प्रसिद्ध झालेले नाव दप्तरी कायम राहते. उद्या कोणी हा प्राणी दुसऱ्या एखाद्या जातीत समाविष्ट केला, तरी वादाच्या प्रत्येक टप्प्यावर ‘प्रधानिया’ हा शब्द लिहावाच लागेल. असे नाव सहजासहजी पुसले जात नाही. बारानगरच्या नोंदवहीत लॅम्प्लुसॉराच्या मूळ नमुन्याचा क्रमांक आर २५७ आहे आणि प्रधानियाचा आर २६५. लंडनहून आलेल्या विदुषीच्या आणि हाडे वेचणाऱ्या प्रधानांच्या नावांत तेथे अवघ्या आठ आकड्यांचे अंतर आहे.